न मागवता आलेली डुप्लिकेट चावी: आता काय करायचं?

प्रश्न उदगीरच्या एका गाडीमालकांचा आहे. त्यांची सहा वर्षांची डिझेल एसयूव्ही आहे, दोन्ही चाव्या घरात आहेत. परवा शोरूमच्या वर्कशॉपमधून त्यांना फोन आला, "साहेब, तुमची डुप्लिकेट चावी आलीय, कोडिंगला गाडी घेऊन या." यांनी चावी मागवलेलीच नाही. चार महिन्यांपूर्वी त्यांचा ड्रायव्हर काम सोडून गेला, तो असताना एक चावी कायम त्याच्याकडं असायची, म्हणून त्याच्यावर त्यांचा संशय आहे. मित्र म्हणतात जीपीएस बसवून टाक. ते विचारतात, जीपीएस आणि गिअर लॉक बसवलं की निश्चिंत झोपायला हरकत नाही ना?

दादा, दोन्ही बसवा, पण तुमची अडचण त्याच्या अलीकडची आहे. तुमच्या गाडीच्या नावावर दुसरं कुणीतरी चावी मागवू शकलं. म्हणजे तुमचे कागद कुणाच्या तरी हातात आहेत, आणि काउंटरवरच्या माणसानं ते बघून ऑर्डर घेतली. त्यामुळं आधी दोन गोष्टी शोधायच्या: कागद कुठून बाहेर गेले, आणि आज घडीला गाडीच्या मेमरीत किती चाव्या बसलेल्या आहेत. दुसरी गोष्ट लोक विचारतच नाहीत. माझ्याकडं येणारा माणूस विचारतो, "लॉक कुठलं चांगलं?" गाडीला किती चाव्या ओळखता येतात हे बघायला दहा मिनिटं लागतात, पण ते करून घ्या म्हणणारा मला वर्षाकाठी एखादाच भेटतो.

मी लातुरात, गंजगोलाईजवळ एकवीस वर्षं गाड्यांच्या चाव्या बनवतो. त्याआधी ऑटो इलेक्ट्रिशियनच्या हाताखाली होतो. जे सांगतोय ते या कामातून कळलेलं आहे. गाडी कुठल्या कंपनीची, कुठल्या सालाची, यावर बरंच अवलंबून असतं, ते जिथं येईल तिथं सांगेन.

सगळ्यात आधी तो फोन खरा आहे का ते बघा. आलेल्या नंबरवर उलटा फोन करू नका. सर्व्हिसच्या जुन्या बिलावर शोरूमचा जो नंबर छापलेला असतो त्यावर लावा आणि विचारा. "तुमची चावी आलीय, उरलेले पैसे पाठवा" किंवा "ओटीपी सांगा" असं कुणी म्हणालं असेल तर ती वेगळीच फसवणूक आहे, तिथं चावी नसतेच. फोन खरा निघाला तरी साधी कारणं आधी तपासा. नंबर टाकताना एका आकड्याची चूक होऊन दुसऱ्याच्या गाडीची ऑर्डर तुमच्या नावावर चढलेली मी पाहिलीय. घरात भावानं किंवा मुलानं चावी हरवली आणि भीतीनं न सांगता परस्पर ऑर्डर दिली, असंही होतं. गाडी कर्जावर असेल तर फायनान्सवाल्यांकडंही चौकशी करा, कारण काहीजण एक चावी स्वतःकडं ठेवून घेतात. हे सगळं झाल्यावरही उत्तर सापडलं नाही, तर मात्र कुणीतरी तुमचा तोतया बनून गेलं होतं असं धरूनच पुढं चला.

आता चावीबद्दल थोडं, कारण ते कळल्याशिवाय किती घाबरायचं ते कळणार नाही. आपण जिला सेन्सर चावी म्हणतो तिच्यात तीन वेगवेगळ्या वस्तू असतात. एक लोखंडी पातं. ते दाराचं आणि स्टिअरिंगचं कुलूप फिरवतं. दुसरी, प्लास्टिकच्या मुठीत बसवलेली तांदळाच्या दाण्याएवढी किंवा त्याहून जरा मोठी चिप. तिला बॅटरी नसते. चावी लावली की इग्निशनभोवतीच्या कॉइलमधून तिला वीज मिळते, ती आपला कोड सांगते आणि गाडीचा इमोबिलायझर तो ओळखीचा आहे का ते बघतो. ओळख पटली नाही तर पातं फिरेल, स्टार्टरही कदाचित फिरेल, पण इंजिन धरणार नाही. तिसरा रिमोट. त्यानं दारं उघडतात, मिटतात. काही गाड्यांत रिमोट आणि चिप एकाच सर्किटवर असतात, काहींत एकमेकांशी काही संबंध नसतो. बटण स्टार्टच्या गाडीत हेच काम जवळ आलेल्या फोबशी, म्हणजे खिशातल्या बटणांच्या चावीशी, बोलून होतं आणि पातं अडीअडचणीपुरतं आत लपवलेलं असतं.

या इमोबिलायझरनं किती फरक पडतो याचं मोठं उदाहरण अमेरिकेत दिसलं. तिथं ह्युंदाई आणि किया या कंपन्यांच्या बऱ्याच गाड्या इमोबिलायझरशिवाय विकल्या गेल्या होत्या. पोरं त्या गाड्या सहज पळवायला लागली आणि तसे व्हिडिओ टाकायला लागली. शेवटी २०२३ मध्ये सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी सॉफ्टवेअरचा उपाय जाहीर करावा लागला. शेजारच्या कॅनडात २००७ पासून इमोबिलायझर सक्तीचा असल्यामुळं तिथं हा प्रकार पसरला नाही. म्हणून तुमची गाडी उघडीबोडकी नाही हे आधी लक्षात घ्या. तिच्यात पहारेकरी आहे. प्रश्न एवढाच, की त्या पहारेकऱ्याला कुणी परस्पर नवा माणूस ओळखीचा करून दिलाय का.

कंपनीकडून येणारी डुप्लिकेट चावी बहुतेक गाड्यांच्या बाबतीत अर्धीच तयार असते. चासी नंबरावरून किंवा चावीच्या नंबरावरून पातं कापून येतं, पण चिप गाडीला अनोळखी असते. ती ओळखीची करायला गाडी वर्कशॉपमध्ये उभी करून, स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला, म्हणजे गाडीच्या संगणकाशी जोडायच्या खाचेला, मशिन लावून कोडिंग करावं लागतं. म्हणूनच तर तुम्हाला "गाडी घेऊन या" असा फोन आला. तेवढ्यापुरतं तुमचं नशीब चांगलं. नुसती ती चावी कुणाच्या हातात पडली असती तरी तो दार उघडू शकला असता, स्टिअरिंग मोकळं करू शकला असता, पण इंजिन चालू करायला त्याला गाडीत बसून मशिन लावावं लागलं असतं. तशी मशिनं बाजारात मिळतात, माझ्याकडंही आहेत. मिळवणं अवघड नाही. याला अपवाद काही महागड्या युरोपीय गाड्यांचा. त्यांची चावी चासी नंबरावरून कंपनीतूनच कोड होऊन येते आणि थेट गाडी चालू करते. तशी गाडी असेल तर हे उत्तर वाचत बसू नका, आधी शोरूम गाठा.

इथं मला माझ्या हातून घडलेली एक गोष्ट सांगायची आहे. लपवून ठेवण्यात अर्थ नाही. २०११ साल असेल. एक तरुण दुकानात आला, चांगल्या घरातला, बोलणं मऊ. हातात आरसीची झेरॉक्स. म्हणाला, "काकाची गाडीय, काका सोलापूरला दवाखान्यात ॲडमिट हायत, चावी कुठं ठेवली ते सांगायच्या अवस्थेत न्हाईत." गाडी मागच्या गल्लीत उभी होती. आरसीवरचा नंबर आणि पाटीवरचा नंबर जुळला. मी पातं कापलं, चिप कोड केली, पंधरा-वीस मिनिटांत काम झालं. आठवडाभरानं तेच काका दोन पोलिसांना घेऊन दुकानात आले. धडधाकट होते. पुतण्यांबरोबर शेताच्या वाटणीवरून भांडण चालू होतं आणि गाडी रात्रीतून गेली होती. पुढं ती बिदरच्या बाजूला सापडली. पोलिसांनी मला दोन दिवस बसवून ठेवलं, त्याचं मला काही वाटलं नाही. काका मात्र ओरडले नाहीत की काही नाही. स्टुलावर बसले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "बाळा, झेरॉक्सवर माझं नाव लिहिलेलं होतं की रे. एक फोन तर करून बघायचास."

त्या दिवसापासून दुकानात रजिस्टर आहे. मालक स्वतः हजर पाहिजे, मूळ आरसी किंवा फोनवर माझ्यासमोर उघडलेलं डिजिलॉकर पाहिजे, फोटो असलेलं ओळखपत्र पाहिजे. आरसीवरचा चासी नंबर मी स्वतः गाडीवरच्या कोरलेल्या नंबराशी लावून बघतो. मग सही, अंगठा, आणि गाडीशेजारी उभ्या असलेल्या मालकाचा फोटो. गिऱ्हाईक चिडतं. "चावी बनवायलाय का पासपोर्ट?" असं विचारणारे भेटतात. चिडू द्या. अमेरिकेत गाड्यांचे चावी-कोड मिळवायला चावीवाल्याची आधी पडताळणी होऊन नोंदणी व्हावी लागते आणि प्रत्येक चावीमागं मालकाची ओळख आणि गाडीचा हक्क तपासल्याची नोंद ठेवावी लागते. मी दुकान टाकलं तेव्हा शॉप ॲक्टपलीकडं मला कुणी काही विचारलं नव्हतं. आपल्याकडं हा चाप चावीवाल्याच्या आणि काउंटरवरच्या क्लार्कच्या मनावरच आहे, म्हणून मी त्याबद्दल इतकं बोलतो.

तर आता तुम्ही काय करायचं. उद्याच शोरूमला स्वतः जा. फोनवर भांडू नका. लेखी अर्ज द्या: ही ऑर्डर कोणत्या तारखेला, कुणी दिली, कोणते कागद जोडले, कोणता मोबाइल नंबर दिला, ॲडव्हान्स कशानं भरला, याची माहिती द्यावी आणि ते कागद जपून ठेवावेत. ॲडव्हान्स यूपीआयनं भरला असेल तर माणूस जवळजवळ सापडलाच. रोख भरला असेल तर काउंटरवरचं सीसीटीव्ही कामाला येईल, पण ते चित्रीकरण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून उशीर करायचा नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतल्याशिवाय हलू नका. शोरूमवाले तुम्हाला कागदांच्या प्रती देतीलच असं नाही, काही ठिकाणी "पोलिसांचं पत्र आणा" म्हणतात. म्हणू द्या, ते बरोबरच आहे. तुम्हाला फक्त कागद जागेवर राहायला हवेत.

ती चावी ताब्यात घ्यायचा मोह होईल. पैसे भरून घेऊन टाकू, म्हणजे विषय संपला, असं वाटेल. घेऊ नका. ती पुरावा आहे. तिच्यासोबत ऑर्डर फॉर्म आहे, त्यावर कुणाचं तरी हस्ताक्षर आहे. चावी सीलबंद करून शोरूममध्येच ठेवा म्हणावं आणि तिथून थेट पोलीस ठाण्यात जाऊन तक्रार द्या. गाडी चोरीला गेलेली नाही म्हणून तक्रार घेत नाहीत, अशी पुष्कळांची समजूत असते. पण दुसऱ्याच्या नावानं वावरून फसवणूक करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम ३१९ त्यासाठीच आहे. खोटी सही किंवा खोटा कागद निघाला तर बनावटीकरणाची कलमंही लागतात. कुठलं कलम लावायचं ते पोलीस बघतील. तुम्ही घडलं तसं लिहा, तारखा लिहा, पोहोच घ्या.

आणि ड्रायव्हरबद्दल. तक्रारीत त्याचं नाव संशयित म्हणून घालायची घाई करू नका. विचारलं तर सांगा की हा माणूस अमुक तारखेपर्यंत गाडीवर होता, कागद त्याच्या हाताखाली होते. तेवढं खरं आहे आणि तेवढंच तुम्हाला माहीत आहे. गरिबाचं नाव एकदा ठाण्याच्या कागदावर चढलं की त्याला दुसरीकडं गाडी मिळत नाही. मी पाहिलेल्या अशा प्रकरणांत भाऊबंद निघाले, जुना मालक निघाला, वॉशिंग सेंटरचा पोरगा निघाला आणि ड्रायव्हरही निघाला. कागद कुणाकुणाकडं गेले होते ते आठवून पाहिल्याशिवाय बोट दाखवता येत नाही.

आता गाडीच्या मेमरीचं काम. शोरूममध्ये किंवा भरवशाच्या चावीवाल्याकडं गाडी नेऊन आधी एवढंच विचारा: इमोबिलायझरमध्ये आज किती चाव्या आहेत? बऱ्याच गाड्यांत मशिनच्या स्क्रीनवर आकडा सरळ दिसतो. तुमच्याकडं दोन चाव्या आणि स्क्रीनवर दोन, तर निदान आजवर कुणी घुसलेलं नाही. तीन दिसल्या तर तिसरी कुणाची ते शोधायच्या आधी ती पुसा. पद्धत अशी, की जुन्या सगळ्या चाव्या मेमरीतून काढायच्या आणि तुमच्या हातात असलेल्या दोन पुन्हा शिकवायच्या. त्यानंतर जी चावी त्या वेळी तिथं हजर नव्हती ती इंजिनपुरती मेली. म्हणून जाताना घरातल्या सगळ्या चाव्या घेऊन जायच्या, कपाटातली सुद्धा, नाहीतर तुमचीच एक बाद होऊन बसेल. काही जुन्या गाड्यांत हा आकडा दिसत नाही, तिथं आकड्याच्या मागं न लागता सरळ पुसून पुन्हा शिकवून घ्यायचं.

दोन्ही आकडे जुळले तरी एक पळवाट उरते. चिपची हुबेहूब नक्कल केली, म्हणजे क्लोन, तर गाडीला ती जुनीच चावी वाटते आणि आकडा वाढत नाही. जुन्या, साध्या चिपच्या गाड्यांत हे शक्य आहे. त्यासाठी तुमची खरी चावी काही वेळ दुसऱ्याच्या हातात जावी लागते. ड्रायव्हरकडं एक चावी कायम असायची असं तुम्ही लिहिलंय, म्हणून तुमच्या बाबतीत मी ती चावी मेमरीतून कायमची काढून तिच्या जागी नवी चिप बसवायला सांगेन. खर्च थोडा वाढतो. साध्या सेन्सर चावीला माझ्याकडं दोन-तीन हजारांपासून पुढं लागतात, बटण स्टार्टच्या फोबला त्याच्या कितीतरी पट. पण गाडीच्या किमतीपुढं ते काहीच नाही.

आणखी एक. चिप पुसल्यानं पातं पुसलं जात नाही. नंबरावरून कापलेलं पातं तुमचं दार उघडतच राहणार. गाडीत माल, लॅपटॉप, अडतीची रोकड राहत असेल तर दाराच्या कुलपाच्या आतल्या पट्ट्या बदलून घ्या किंवा पूर्ण लॉकसेट टाका. घरापुढं उभी राहणारी, आत काही नसणारी गाडी असेल तर मी या खर्चाचा आग्रह धरत नाही. रिमोटचीही वेगळी तपासणी करून घ्या. चिप बाद झाली, पण जुना रिमोट दार उघडतोय, असं काही गाड्यांत राहून जातं.

आता कागद कसे बाहेर जातात त्याकडं येऊ. चावीची ऑर्डर द्यायला साधारण काय मागतात? आरसी, मालकाचं ओळखपत्र, अर्ज, काही ठिकाणी विम्याची प्रत, चावी हरवली असेल तर पोलिसातल्या नोंदीची प्रत. कंपनीगणिक आणि शोरूमगणिक यात फरक पडतो. आता आपल्या गाडीचा डॅशबोर्डचा खण उघडून बघा. आरसी, विमा, पीयूसी, त्यात आधारची एखादी झेरॉक्स, आणि सर्व्हिसचं पुस्तक ज्याच्या पहिल्या पानावर चासी नंबर आणि कधीकधी चावीचा नंबरही लिहिलेला. सगळं एका प्लास्टिकच्या पाकिटात. गाडी धुवायला दिली की ते पाकीट अर्धा तास परक्या माणसाजवळ असतं, आणि मोबाइलनं फोटो काढायला अर्धा मिनिटही लागत नाही. डिजिलॉकर किंवा एमपरिवहनवरची आरसी तपासणीला कायद्यानं चालते, २०१८ पासून तशी तरतूद आहे. मूळ कागद घरी ठेवा. ड्रायव्हरला फोनवर किंवा प्रतीवर भागतं.

झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा, मजकुरावरून जाईल असं: "फक्त विमा नूतनीकरणासाठी", तारीख, सही. आधार द्यायचंच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या. नव्या नंबरप्लेटच्या वेळी लोकांनी दिसेल त्या वेबसाइटवर आणि कोपऱ्यावरच्या मल्टिसर्व्हिसेसच्या पोरांच्या व्हॉट्सॲपवर आरसीचे फोटो पाठवले. ते फोटो त्या पोरांच्या फोनमध्ये अजून तसेच आहेत. मी माझ्या गिऱ्हाइकांना सांगतो, काम झालं की समोर बसून डिलीट करायला लावा. तोंडावर वाईट वाटतं, पण सांगा.

मोबाइल नंबराचं फार महत्त्व आहे. तुम्हाला फोन आला तो शोरूमच्या जुन्या नोंदीत तुमचा नंबर होता म्हणून. ऑर्डर देणाऱ्यानं "माझा नंबर बदललाय, हा घ्या" म्हटलं असतं आणि क्लार्कनं बदलला असता, तर तुम्हाला काही कळलंच नसतं. जुनी गाडी घेणारे इथं हमखास चुकतात. आरटीओत नाव बदलतात, पण शोरूमच्या संगणकात जुना मालकच राहतो. तुळजापूर रोडला एका शिक्षकांनी घेतलेल्या गाडीच्या सर्व्हिसचे मेसेज तीन वर्षं आधीच्या मालकाला जात होते. म्हणून वाहन पोर्टलवर आणि शोरूममध्ये, दोन्हीकडं स्वतःचा चालू नंबर लावून घ्या. त्याच अर्जात एक ओळ लिहा की माझ्या प्रत्यक्ष हजेरीशिवाय आणि या नंबरावर खात्री केल्याशिवाय या गाडीच्या चावीची ऑर्डर घेऊ नये. प्रत्येक शोरूम ती पाळेलच असं मी छातीठोक सांगणार नाही. पण पुढं काही झालं तर शिक्का मारलेली ती प्रत तुमच्याकडं असेल, आणि ती ओळ फाइलवर दिसली की काउंटरचा माणूस एक फोन करतोच.

चावीच्या नंबराचं तर मी रोज बघतो. नव्या गाडीच्या चावीसोबत लोखंडी किंवा प्लास्टिकची छोटी पट्टी येते, तिच्यावर चावीचा नंबर असतो. ती शोभेची नाही, तिच्यावरून पातं कापता येतं. लोक ती वर्षानुवर्षं किचेनला लटकवून फिरतात, देवाच्या फोटोशेजारी. मागच्या उन्हाळ्यात एक पोरगा आला, मोबाइलमध्ये त्या पट्टीचा फोटो. "दादा, या नंबराचं नुसतं पातं कापून द्या, चिपचं मी बघतो."

"गाडी कुठंय?"

"गावाकडंय की."

"कुणाचीय?"

"मित्राची. त्योच पाठवलाय मला."

"लाव मग मित्राला फोन."

फोन लावतो म्हणून बाहेर गेला, तो परत आला नाही. तो फोटो कुठून आला असेल ते सांगायला नको. लग्नात पार्किंगला चावी दिली, हॉटेलात टेबलावर ठेवली, एवढं पुरतं. ती पट्टी आजच काढून कपाटात ठेवा आणि नंबर वहीत उतरवा, कारण चावी खरंच हरवली तर तीच तुमच्या कामाला येणार आहे. तसंच पाडव्याला, दसऱ्याला नवी गाडी घेतली की चावी हातात उंच धरून, मागं नंबरप्लेट, असा फोटो स्टेटसला टाकतात. पात्याच्या खाचा स्पष्ट दिसत असतील तर फोटोवरूनही पातं बनतं. फोटो काढा, पेढे वाटा, फक्त चावी मुठीत असू द्या.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं. जीपीएस गाडी गेल्यावर सांगतो ती कुठं गेली. सराईत माणूस आधी तोच शोधतो. घेणार असाल तर आतमध्ये स्वतःची बॅटरी असलेला घ्या आणि ओबीडी सॉकेटला लावायचा घेऊ नका, तो हातानं उपटून फेकता येतो. मोबाइलवरून इंजिन बंद करण्याची सोय चालत्या गाडीवर वापरू नका, जालना रोडला किंवा घाटात मागून येणारा ट्रक त्याची वाट बघत नाही. गिअर लॉक किंवा पेडल लॉक चांगलं, कारण कोडिंग केलेली चावी हातात असली तरी ते अडवतं आणि चोराचा वेळ खातं. मला स्वतःला सगळ्यात भरवशाचा वाटतो तो लपवलेला स्विच, जो डिझेल किंवा पेट्रोलचा पंप तोडतो. चावी खरी असो की खोटी, स्विच माहीत नसेल तर गाडी चालू होत नाही. मात्र तो तुमच्या ओळखीच्या, नीट वायरिंग करणाऱ्या माणसाकडूनच बसवा, वॉरंटी चालू असेल तर आधी शोरूमला विचारा, आणि त्याची जागा ड्रायव्हर बदलला की बदला. बटण स्टार्टचा फोब धातूच्या डब्यात ठेवायचा सल्ला तुम्ही ऐकला असेल. घराबाहेरून सिग्नल ओढून होणाऱ्या चोरीवर तो ठीक आहे. मेमरीत बसलेल्या जादा चावीवर त्याचा काही उपयोग नाही.

शेवटी विम्याचं, कारण हे लोकांना दावा अडकल्यावर कळतं. गाडी चोरीचा दावा करताना कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. सोबत एफआयआर, आरसी, आरटीओचे २८, २९ आणि ३० नंबरचे सही केलेले फॉर्म, आणि तपास लागला नाही असा पोलिसांचा अंतिम अहवाल, ज्याला आपल्याकडं अ समरी म्हणतात. एक चावी कमी पडली की प्रश्नांची सरबत्ती होते. आणि शोरूमच्या नोंदीत तुमच्या नावावर तिसरी चावी मागवल्याचं निघालं तर ती कुठं आहे हे तुम्हालाच विचारतील. म्हणून आत्ताची तक्रार आणि शोरूमच्या अर्जाची पोहोच विमा कंपनीलाही ईमेलनं कळवून ठेवा. जुनी गाडी एकाच चावीवर घेतलेल्यांनी विकणाऱ्याकडून "एकच चावी दिली, दुसरी हरवली" असं लिहून घ्या आणि त्याच आठवड्यात मेमरी पुसून घ्या. उद्या खरंच गाडी गेली तर आधी ११२ आणि पोलीस ठाणं, लगेच विमा कंपनी. पोलिसात वेळेवर तक्रार असेल तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवलं म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये सांगितलं आहे, पण त्याच्या भरवशावर दिवस घालवू नका.

चाव्या पुसायला जाल तेव्हा मशिनसमोर स्वतः उभे राहा. सुरुवातीचा आकडा आणि काम झाल्यावरचा आकडा, दोन्ही वेळी स्क्रीनचा फोटो काढा, गाडीचा नंबर आणि तारीख दिसेल असा. बिलावर "जुन्या सर्व चाव्या रद्द करून दोन चाव्या कोड केल्या" असं लिहून घ्या. शोरूममध्ये ऑर्डर फॉर्मवरचा मोबाइल नंबर दिसला की इथं लिहू नका, फक्त पोलिसांना द्या. आणि गाडी कुठल्या कंपनीची, कुठल्या सालाची ते कळवा, म्हणजे तिच्यात आकडा दिसतो की सरळ पुसावं लागतं ते मला नेमकं सांगता येईल.